माय मरो, मावशी जगो... पण मावशीनं करायचं काय?

आपल्याकडे घरात कुणी गेलं, की भेटायला येणाऱ्या बायकांची चार वाक्यं ठरलेली असतात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कुणी कुणाकडे येऊ शकत नव्हतं, म्हणून ती वाक्यं फोनवरून आली. त्यातलं एक मी तेव्हा पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. "माय मरो, पण मावशी जगो म्हणतात ना, तसंच झालं गं बाई!"

ती मावशी म्हणजे मी.

माझी थोरली बहीण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. दाजी स्वतः दवाखान्यात होते. ते बरे होऊन घरी आले तेव्हा त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली आणि कंपनीतली नोकरी तीन पाळ्यांची. तेव्हा मुलं 'आठ दिवसांसाठी' आमच्याकडे आली. दोन पिशव्या कपडे, एक पाण्याची बाटली आणि धाकट्याच्या हातात चाक निघालेली जीप. आज मुलगी दहावीत आहे. ते आठ दिवस अजून चालूच आहेत.

मैत्रिणींनो, मूल आपल्या पोटी न येता आपल्या घरी येतं, त्याच्या किती तऱ्हा आहेत! कुणी संस्थेतून दत्तक घेतं. कुणी भावाचं, नणंदेचं, दिराचं मूल सांभाळतं. कुणाची मुलगी बाळंतपणात जाते आणि साठाव्या वर्षी आजी पुन्हा दुधाच्या बाटल्या उकळायला लागते. आपण अशा बाईचं कौतुक करतो, 'पुण्यवान आहेस हो' म्हणतो आणि आपापल्या घरी जातो. पुढे त्या घरात काय होतं, ते कुणी विचारत नाही आणि ती बाईही सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणणार, "हौसेनं घेतलंस ना? मग आता का रडतेस?" म्हणून मी आज सांगायला बसले आहे.

पोळ्या आणि देवघर

मुलं येऊन तीन आठवडे झाले असतील. उन्हात टाकायला म्हणून मुलीची गादी उचलली, तर खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच पोळ्या. दोनांना बुरशी आलेली. माझं डोकंच फिरलं. घरात पाच जणांचं रेशन आणि एकच पगार, तोही कापून येणारा. मी तिला सगळ्यांसमोर बोलले. 'अन्नाची नासाडी', 'तुझ्या आईनं हेच शिकवलं का', असलं काहीबाही. ती एक शब्द बोलली नाही. तिनं पोळ्या उचलल्या आणि बाहेर गाईला घालून आली. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

पुढे एका समुपदेशक बाईंशी फोनवर बोलणं झालं, तेव्हा उलगडा झाला. ज्या मुलाचं माणूस एकाएकी जातं, त्याला वाटतं की आता काहीही एकाएकी जाऊ शकतं. आज जेवण आहे, उद्या असेल कशावरून? म्हणून ते लपवून ठेवतं. ही चोरी नव्हे आणि हावरेपणाही नव्हे. बाईंनी सुचवलेला उपाय इतका साधा होता, की मला आधी हसूच आलं. फडताळात एक डबा तिच्या नावाचा ठेवायचा. त्यात बिस्किटं, शेंगदाण्याचा लाडू, काहीतरी. तो कधीही उघडायचा, कुणाला विचारायचं नाही आणि रिकामा झाला की मी न बोलता भरायचा. पहिल्या आठवड्यात डबा रोज रिकामा होत होता. महिन्याभरानं त्यातली बिस्किटं सादळायला लागली. गादीखाली पुन्हा काही सापडलं नाही.

संस्थेतून थोडं मोठं मूल घरी आणलेल्या बायकाही हेच सांगतात. मूल ताटातलं खिशात घालतं, रात्री उठून स्वयंपाकघरात जातं, पोट भरलं तरी खातच राहतं. तुमच्या माहितीत असं कुणी असेल, तर एवढी डब्याची युक्ती तिला जरूर सांगा.

धाकट्याचं वेगळंच. आम्ही सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं, 'आई देवाघरी गेली.' आपण सगळेच मुलांना असं सांगतो. आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातला एक कोनाडा. तो रोज सकाळी उठून तिथं जायचा, वाकून आत बघायचा आणि परत यायचा. आठ-दहा दिवस हे चाललं होतं. मला वाटायचं, पोरगं नमस्कार करतंय, चांगलं वळण आहे! एक दिवस त्यानं मला विचारलं, "मावशी, आई इथं मावते कशी?"

त्या दिवशी मी त्याला मांडीवर घेऊन खरं काय ते सांगितलं. आई आजारी पडली, तिचा श्वास थांबला, ती मेली. मेलेलं माणूस परत येत नाही. तू काही केलंस म्हणून ती गेली नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम सांगायचं असतं, हेही मला त्या समुपदेशक बाईंनीच शिकवलं होतं. लहान मुलांना हमखास वाटतं, की मी हट्ट केला, मी त्रास दिला, म्हणून आई गेली. तो रडला. रात्री अंथरूण ओलं होणं मात्र पुढेही वर्षभर चाललं. मी मेणकापड घालत होते आणि चादरी धूत होते. त्याबद्दल त्याला बोलले नाही. पोळ्यांच्या वेळी एवढं तरी शिकले होते.

आणि आमचा स्वतःचा मुलगा? त्याच्याकडे पाहायला मला सवडच नव्हती. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. समजूतदार, म्हणून गृहीत धरलेला. घरात दिवसभर 'मावशी, मावशी' चाले. एक दिवस आमचे चिरंजीवही हाक मारून गेले, "मावशी, भूक लागली!" मी हसले. तो हसला नाही. जेवणाचं ताट तसंच टाकून गच्चीवर जाऊन बसला. तेव्हापासून गुरुवारचा बाजार आम्ही दोघंच करतो. भाजी घ्यायची, कोपऱ्यावर एकेक वडापाव खायचा आणि परत यायचं. त्या तासाभरात दुसऱ्या कुणाचा विषय काढायचा नाही, हा त्याचाच नियम.

सासूबाईंचं काय, असं तुम्ही विचाराल. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "लोकांचं लेकरू म्हणजे पदरात बांधलेला विस्तव. जपलं तर नाव नाही आणि भाजलं तर बोल आपल्याला." मला राग आला होता. पण विचार केला, तर त्यात खोटं काय होतं? दाजी रविवारी यायचे, मुलांना आइस्क्रीम खायला घालून जायचे आणि चांगले ठरायचे. अभ्यास, औषधं, ओरडणं, सगळं माझ्याकडे. शेजारणी मात्र बघत असायच्या, की मावशी ओरडते का, मावशी मारते का, स्वतःच्या मुलाला दुधाची साय जास्त घालते का. ज्या सासूबाई विस्तव म्हणाल्या, त्याच पुढे रोज सकाळी मुलीची वेणी घालायला लागल्या. मला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्या वेणीच्या वेळात बोलल्या गेल्या आहेत.

कागदांची पिशवी

आता थोडं रूक्ष, पण कामाचं. भावाबहिणीचं मूल सांभाळणाऱ्या बाईचे निम्मे हाल कागदांपायी होतात.

मूल तुमच्या घरी राहतं, तुमच्या हातचं जेवतं, पण बाप हयात असेल तर कायद्यानं पालक तोच. शाळेचा दाखला, बँकेतलं खातं, आधार, जातीचा दाखला, ऑपरेशनची संमती, सगळीकडे त्याची सही. दाजींची पाळी, आमचं गाव आणि शाळेची तारीख यांचा मेळ बसवता बसवता एकदा मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्मच राहून गेला. तेव्हा मूल घरी आलं की पहिल्याच महिन्यात बापाकडून लिहून घ्या, की मुलं अमुक ठिकाणी राहतात आणि शाळेच्या व दवाखान्याच्या कामासाठी मावशीला अधिकार दिला आहे. त्यानं पालकत्व बदलत नाही, पण रोजची कामं अडत नाहीत. आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवा. दर वेळी नव्यानं तो कागद मागायला जाणं म्हणजे दर वेळी नव्यानं सुतक. आई-बाप दोघंही नसतील, तर न्यायालयाकडून रीतसर पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा त्यासाठीच आहे.

पैशाबद्दल बोलायला आपण लाजतो. मीही लाजले आणि त्या लाजेपायी दीड वर्ष गेलं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे आणि आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलेलं आहे. आई किंवा वडील यांपैकी एकजण गेलेला असला, तरी ती लागू होते. आधी मुलामागे महिना १,१०० रुपये होते, २०२३ मध्ये ते २,२५० झाले. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायचा. मग बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जायचं. समिती म्हटल्यावर मी घाबरले होते. वाटलं, मुलं काढून घेतात की काय! तसं काही नसतं. मूल कुठं राहतं, कोण सांभाळतं, ते पाहून समिती आदेश देते. पैसे मात्र दर महिन्याला येतील या भरवशावर राहू नका. आमचे एकदा सात महिने आले नाहीत आणि मग एकदम आले. ते मुलांच्या खात्यावरच ठेवायचे, घरखर्चात मिसळायचे नाहीत, असा आमच्या ह्यांचा दंडक आहे. सगळ्यांना तसं परवडेल असं नाही.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिना ४,००० रुपयांची मदत आहे. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे. वर्षाला शहरी भागात ९६,००० आणि ग्रामीण भागात ७२,००० रुपये. तुमच्या मुलाला कोणती योजना बसते, ते बाल संरक्षण कक्षातच विचारायचं. कोरोनात आई-बाप दोन्ही गेलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये राज्यानं पाच लाखांची ठेव आणि केंद्रानं दहा लाखांची तरतूद जाहीर केली होती. आमच्या मुलांचे वडील आहेत, म्हणून त्यांना ती नव्हती. त्याचं दुःख नाही. बाप आहे हे बरंच आहे.

आणखी एक सांगते, कारण हे मला फार उशिरा कळलं. बहीण एका कारखान्याच्या ऑफिसात होती आणि तिचा प्रॉव्हिडंट फंड कापला जात होता. असा फंड कापला जाणारं माणूस नोकरीत असताना गेलं, तर जोडीदाराबरोबर दोन मुलांनाही पंचवीस वर्षांची होईपर्यंत पेन्शन असते आणि विम्याची रक्कमही असते. दाजींना त्याचं भान नव्हतं आणि मला माहिती नव्हती. कारखान्यातल्या तिच्या एका मैत्रिणीनं दोन वर्षांनी सहज विचारलं, "ते फॉर्म भरलेत ना?" म्हणून कळलं. तुमच्या घरात असं झालं असेल, तर गेलेल्या माणसाच्या नोकरीच्या ठिकाणी जाऊन एकदा नीट विचारा.

संस्थेतून घरी

आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीनं मुलगी दत्तक घेतली. तिच्या घरचे प्रश्न माझ्याहून अगदी निराळे, पण काही ठिकाणी आम्ही दोघी एकाच दगडाला ठेचकाळतो.

पूर्वी आपल्याकडे दत्तक म्हणजे वारस. पिंडाला पाणी द्यायला, गादी चालवायला मुलगा हवा, म्हणून भाऊबंदांतला पोर मांडीवर घ्यायचा. १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला, तोच पुढे सयाजीराव महाराज झाला. मुलगी दत्तक घेण्याची सर्वसाधारण सोय हिंदू कायद्यात यायला १९५६ साल उजाडावं लागलं. पण वारसासाठी नव्हे, तर मुलासाठी म्हणून दत्तक घेण्याचं उदाहरणही आपल्याच मातीतलं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, बाळंत व्हावं, मूल मारू नये. तिथंच आलेल्या काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकरांनी मिळून रोग्यांची सेवा केली आणि त्यातच सावित्रीबाई गेल्या. रक्ताचं नातं म्हणून जे बोलतात, त्यांना मी हे सांगते.

माझ्या मैत्रिणीला फोन यायला तीन वर्षांहून जास्त काळ लागला. आता सगळी नोंदणी केंद्र सरकारच्या 'कारा' या संस्थेकडे होते. लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात. नवराबायकोच्या वयांची बेरीज पाहतात आणि दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल, तर ती ८५ च्या वर चालत नाही. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी कोणीही घेता येतं, एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. घरी येऊन चौकशी होते. मग वाट पाहायची. बाळं थोडी आणि रांग लांब. शेवटी फोटो आणि माहिती येते आणि 'हो' म्हणायला ४८ तास मिळतात. ती म्हणते, "नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईला तयारीला वेळ मिळतो गं. मला तीन वर्षं काही नाही आणि मग दोन दिवस!" दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेची कार्यकर्ती भेटायला येते. पुष्कळ जणी या भेटीला परीक्षा समजतात आणि घर आवरून, बाळाला नवा फ्रॉक घालून बसतात. माझी मैत्रीणही तशीच बसायची. खरं तर त्याच वेळी बोलायचं असतं, की बाळ माझ्याकडे येत नाही, रात्रभर रडतं, मलाच कधीकधी वाटतं की मी चूक केली.

कारण तिचं बाळ सात महिन्यांचं होऊन आलं होतं आणि पहिले दोन महिने ते तिच्याकडे बघतच नव्हतं. संस्थेत एक आया होती, तिच्या लुगड्याच्या वासाला ते सरावलेलं. इकडे घरात पेढे वाटणं, बारसं, फोटो. तिला वाटायचं, मला आनंद का होत नाही? पोटची मुलं झालेल्या बाईला बाळंतपणानंतर असं उदास वाटलं, तर निदान आई, सासू, डॉक्टर समजून घेतात. दत्तक आईला कोण समजून घेणार? ती तर हौसेनं घेऊन आलेली! मग तिनं पुण्यातल्या दत्तक पालकांच्या एका गटात जायला सुरुवात केली. तिथं दुसऱ्या एका बाईनं तिला सांगितलं, की मला माझ्या मुलाची माया लागायला पाच महिने लागले. एवढं ऐकून ती तिथंच रडली. बाळ कडेवर, कापडाच्या झोळीत अंगाला लावून ठेवायचं. आंघोळ आणि भरवणं आपणच करायचं. पहिले काही आठवडे पाहुण्यांच्या हातात बाळ फिरवायचं नाही. हे तिला त्या गटातच कळलं. पाहुणे रुसले. रुसू देत!

नोकरी करणाऱ्या बायकांचा आणखी एक घोळ. २०१७ मध्ये मातृत्व रजेचा कायदा सुधारला, तेव्हा दत्तक आईला बारा आठवडे रजा दिली, पण मूल तीन महिन्यांहून लहान असेल तर! आता तुम्हीच सांगा. आईनं स्वतः सोपवलेल्या मुलाच्या बाबतीत तिला फेरविचाराला कायद्यानं दोन महिने द्यावे लागतात. त्यानंतर समितीचा निर्णय, नोंदणी, फोटो, होकार. तीन महिन्यांच्या आत मूल हातात पडणार कसं? ही अट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. केंद्र सरकारी नोकरीत एक वर्षाखालच्या मुलासाठी १८० दिवस मिळतात. तुमच्या कचेरीत आज कोणता नियम चालू आहे, तो मूल येण्याआधीच लेखी विचारून ठेवा.

मुलाला सांगायचं का, कधी सांगायचं, हा प्रश्न तर प्रत्येक घरात असतो. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवसापासून. बाळाला न्हाऊ घालताना, झोपवताना 'आम्ही तुला आणायला गेलो होतो' ही गोष्ट सांगत राहायची. म्हणजे तो शब्द घरातल्या कढईइतका ओळखीचा होतो. अठरा वर्षांची झाली की सांगू म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते. तुमच्या नात्यात एकही लग्नघर झालं नाही का? पंगतीत पापड वाढता वाढता कुणीतरी आत्याबाई बोलून जातेच. माझ्या मैत्रिणीच्या लेकीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, तेव्हा तिनं दोन झाडं काढली. एक पानांचं आणि एक नुसतं खोडाचं. बाईंनी विचारलं, हे काय? म्हणाली, "हे मला माहीत नाही ते झाड." अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाला स्वतः अर्ज करून आपल्या मुळाची चौकशी करता येते. तोपर्यंत आई-बापांबरोबर. मैत्रीण म्हणते, "ती गेली तर मी डबा भरून बरोबर जाईन." म्हणते खरी, पण म्हणताना तिचा आवाज जरा कापतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायची आहे. रांग लांब आहे म्हणून कुणी दवाखान्यातली ओळखीची बाई, कुणी मध्यस्थ 'सोय करून देतो' म्हणतो. त्या वाटेला जाऊ नका. मुलाची विक्री आणि खरेदी हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. शिवाय असं आणलेलं मूल कायद्यानं तुमचं कधी होतच नाही. अंगाशी लागलेलं लेकरू एक दिवस पोलीस घेऊन जातात. नात्यातलं मूल घ्यायचं असलं, तरी कायमचं घेताना रीतसर घ्या. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा यांना नात्यातलं मूल दत्तक घेण्याची स्वतंत्र सोय आहे. मूल पाच वर्षांचं झालेलं असेल, तर त्याचीही संमती लागते. हे मला फार आवडतं.

आणखी एक वाट आहे, पण तिच्याबद्दल आपल्या गावांत फारसं कुणाला माहीत नाही. संस्थेतलं मोठं मूल काही काळासाठी आपल्या घरी वाढवायचं. फॉस्टर केअर म्हणतात त्याला. मोठ्या मुलांना दत्तक कुणी मागत नाही, म्हणून ही सोय. २०२४ च्या नव्या नियमांनी एकट्या व्यक्तींनाही हे करता येतं आणि दोन वर्षं मूल सांभाळल्यावर दत्तकही मागता येतं. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. यात जीव लावायचा आणि सोडायची तयारीही ठेवायची. मला नाही वाटत मी ते करू शकेन. जी करते तिच्या दारी दोन पोळ्या जास्त नेऊन द्याव्यात, एवढं मात्र मला कळतं.

आमच्यासाठी काय कराल?

पोळ्यांवरून आठवलं. लोक विचारतात, आम्ही काय मदत करू? कौतुक नको. मुलांसमोर 'मावशीचे उपकार विसरू नका हं' हे तर मुळीच नको. ज्या मुलाला रोज उपकार आठवावे लागतात, ते कधी हट्ट करत नाही आणि हट्ट न करणारं मूल घरात पाहुण्यासारखं राहतं. आमची मुलगी पहिल्यांदा माझ्यावर दार आपटून गेली, त्या दिवशी मी मनातून सुटले.

त्यापेक्षा एका रविवारी तिघांना सिनेमाला न्या. रात्रीची खिचडी तुम्ही टाका. मुलाला गणित शिकवा. तालुक्याच्या कचेरीत माझ्याबरोबर या, कारण तिथं एकटीनं चार तास बसलं की माणूस रडकुंडीला येतं. आणि माझ्या बहिणीबद्दल बोला. मुलांचं सांभाळताना मला तिच्यासाठी रडायला वेळच मिळाला नाही. ती गेल्यावर आठ महिन्यांनी गोडा मसाला करायला घेतला. प्रमाण तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, धणे अर्धा किलो, तीळ पाव, दगडफूल मूठभर. तो कागद हातात धरून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ उठले नाही. सासूबाईंनी येऊन गॅस बंद केला आणि स्वतः धणे भाजायला घेतले.

तुम्ही स्वतः अशी मावशी, आत्या, आजी असाल आणि झोप येत नसेल, चिडचिड हाताबाहेर जात असेल, तर सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे जायला लाजू नका. मुलाच्या काही अडचणीसाठी १०९८ हा नंबर आहे. दिवसरात्र लागतो.

गेल्या श्रावणात पिठोरी अमावास्येला पूजा झाल्यावर मी खिरीपुरीचं वाण खांद्यावरून मागं धरलं आणि विचारलं, "अतीत कोण?" दरवर्षी आधी आमचा मुलगा आणि मग धाकटा 'मी' म्हणतो. मुलगी दारात उभी राहून बघते. मी तिला कधी आग्रह केला नाही. या वेळी दोघांचं झालं. मी तिसरं वाण धरलं, तसंच धरून ठेवलं. पाठीमागे जरा वेळ काही आवाज नाही. मग वाटी हातातून अलगद गेली.

"मी," ती म्हणाली. "आणि मावशी, एक वाटी आईच्या फोटोपुढे ठेव. तिला खीर फार आवडायची."